गौरव माजी विद्यार्थ्यांचा, कसोटी महाविद्यालयाची

तंत्रशिक्षण संस्थांमधील माजी विद्यार्थी सन्मान : परंपरा, नियम आणि नगर जिल्ह्याचा संदर्भ

हिवाळ्याच्या सुटीत परगावी आणि परदेशी स्थायिक झालेले अभियंते गावाकडे येऊ लागले, की अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांमध्ये माजी विद्यार्थी मेळाव्यांची लगबग सुरू होते. प्रवेशद्वारावर कमान उभी राहते, सभागृहात जुन्या तुकड्यांची नावे पुकारली जातात आणि कर्तृत्व गाजवलेल्या काही निवडक विद्यार्थ्यांना शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन गौरविण्यात येते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर त्याचे छायाचित्रही झळकते. वरकरणी हा एक घरगुती सोहळा. मात्र कोणाचा गौरव करायचा, कोणत्या निकषावर करायचा आणि गौरवानंतर पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, की संस्था स्वतःकडे आणि आपल्या परिसराकडे कसे पाहते, हे उघड होते. यशाची आपण कोणती व्याख्या करतो, याचीच ती जाहीर नोंद असते. म्हणूनच या प्रथेचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आवश्यक ठरते.

शब्दामागची कल्पना

माजी विद्यार्थ्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘अलम्नस’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. पोसणे, वाढवणे या अर्थाच्या धातूपासून तो तयार झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘पोसलेले मूल’ असा होतो. मराठीतील ‘माजी विद्यार्थी’ या शब्दात केवळ काळाचा उल्लेख आहे, नात्याचा नाही. ती उणीव आपल्याकडे ‘स्नेहमेळावा’ आणि ‘गुरुदक्षिणा’ या शब्दांनी भरून काढली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांचा इतिहास मात्र फार प्राचीन नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची १८२१ मध्ये स्थापन झालेली संघटना ही अशा संघटनांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. आर्थिक अडचणीत सापडलेले महाविद्यालय तगावे, हा तिच्या स्थापनेमागील मुख्य हेतू होता. थोडक्यात, आपुलकी आणि आर्थिक गरज या दोन्ही गोष्टी या परंपरेत आरंभापासूनच हातात हात घालून चालत आल्या आहेत.

नगरची तंत्रपरंपरा

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याला तंत्रज्ञानाचे वावडे कधीच नव्हते. निजामशाहीच्या काळात नगर शहराला दूरवरून खापरी नळांद्वारे पाणी आणले गेले. इंग्रजी अमदानीत अमेरिकन मराठी मिशनने येथे औद्योगिक शाळा चालवली. या मिशनचे डी. सी. चर्चिल हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी नगरमध्ये राहून सुधारित हातमाग तयार केला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जगातील एका नामवंत तंत्रसंस्थेचा माजी विद्यार्थी आपले ज्ञान नगरच्या विणकरांच्या मागावर पारखून पाहतो, ही घटना आजच्या गौरव सोहळ्यांच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम आठवावी अशी आहे.

प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारण बदलले, उसाची शेती वाढली आणि पुढे सहकारी साखर कारखानदारीची पायाभरणी झाली. स्वातंत्र्यानंतर वाहन संशोधन व विकास आस्थापना ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा नगरमध्ये आली. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत उपकरणे बनवणारे कारखाने उभे राहिले. ‘लुना’मुळे घराघरांत पोहोचलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगनेही नगरमध्ये कारखाना काढला. राहुरी येथे १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. हे महाविद्यालय आज डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाने ओळखले जाते.

तरीही स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीची पदवी घ्यायची, तर नगरच्या विद्यार्थ्याला १९८० पर्यंत जिल्हा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद महाविद्यालय किंवा १९६० मध्ये सुरू झालेली कराड व औरंगाबाद येथील शासकीय महाविद्यालये हेच पर्याय होते. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी. खेड्यातील हुशार मुलांपैकी अनेकांची वाट पदविका किंवा आयटीआयवर येऊन थांबत असे.

१९८३ चे वळण

मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्या वर्षी राज्यात जी महाविद्यालये सुरू झाली, त्यांत पुण्याची एमआयटी आणि कोल्हापूरची केआयटी यांच्याबरोबर नगर जिल्ह्यातील तीन ग्रामीण महाविद्यालयांचा समावेश होता : लोणीचे प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय, कोपरगावचे संजीवनी आणि संगमनेरचे अमृतवाहिनी. एकाच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एकाच वर्षी तीन अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहावीत, ही बाब निश्चितच उल्लेखनीय आहे.

या तिन्हींच्या मुळाशी साखर कारखानदारी आहे, हे त्याहून महत्त्वाचे. फारसे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभारलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९६१ मध्ये या कारखान्याला भेट दिली, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. पुढे बाळासाहेब विखे पाटील यांनी प्रवरा परिसरात शैक्षणिक संस्थांचे जाळे विणले. संगमनेरला भाऊसाहेब थोरात आणि कोपरगावला शंकरराव कोल्हे यांनी सहकाराच्या पायावर शिक्षणसंस्था उभ्या केल्या. ‘अमृतवाहिनी’ हे तर प्रवरा नदीचेच विशेषण आहे.

सहकारी कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या बिलातून निरनिराळ्या निधींसाठी कपात करण्याची पद्धत रुजली आणि त्यातून परिसर विकासाची कामे उभी राहिली. म्हणजेच या महाविद्यालयांच्या भिंतींमध्ये ऊस उत्पादकाचा पैसा, कारखान्याची पत आणि पुढे फी भरण्यासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांची उमेद एकत्र मिसळलेली आहे. येथून बाहेर पडलेल्या अभियंत्याला ‘पोसलेले मूल’ म्हणायचे, तर त्याला पोसणारे हात केवळ प्राध्यापकांचे नाहीत. ज्या शेतकऱ्याचे मूल कधीच या महाविद्यालयात आले नाही, त्याचाही त्यात वाटा आहे. नगर जिल्ह्यातील गौरव सोहळ्याला महानगरांतील सोहळ्यापेक्षा वेगळे परिमाण लाभते ते यामुळे.

विनाअनुदानित शिक्षणावर टीकाही झाली. देणग्यांच्या सक्तीला आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. शुल्क आणि प्रवेशाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५) हे निकाल गाजले. या वादात बाजू कोणतीही घेतली, तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी पदवी पाहिली नव्हती, अशा असंख्य कुटुंबांत या महाविद्यालयांमुळे पहिला अभियंता जन्माला आला.

पुणे-मुंबईचे दाखले

जुन्या संस्थांना गौरवासाठी नावे शोधावी लागत नाहीत. १८५४ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजेच ‘सीओईपी’चे, उदाहरण घ्या. भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तेथील विद्यार्थी. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे हा त्यांच्या बुद्धिमत्तेचा साक्षात पुरावा. त्यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. बारामतीत जन्मलेले सी. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर विकसित केला. पुण्यातच जन्मलेले थॉमस कैलाथ यांनी संदेशवहन आणि नियंत्रणशास्त्रात मूलभूत काम केले. या दोघांनाही अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार लाभला आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने राज्याच्या पाणी प्रश्नाचा सांगोपांग अहवाल १९९९ मध्ये सादर केला. यंत्र अभियांत्रिकीत मुली अपवादानेच दिसत, अशा काळात लीला पूनावाला यांनी १९६७ मध्ये येथून पदवी घेतली. पुढे त्या अल्फा लाव्हल कंपनीच्या भारतातील प्रमुख झाल्या. त्यांना १९८९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने गरजू, गुणी मुलींच्या शिक्षणाला हातभार लावला.

ही नावे एकत्र ठेवून पाहिली, तर एक बाब ध्यानी येते. त्यांत शोध लावणारे आहेत, सार्वजनिक सेवेत आयुष्य घालवणारे आहेत, उद्योग चालवणारे आहेत आणि स्वतःला मिळालेली संधी इतरांसाठी खुली करणारेही आहेत. कर्तृत्वाच्या या चार वाटा निरनिराळ्या असून त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मुंबईतील १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या पिढीच्या तोंडी असलेली ‘यूडीसीटी’, हा दुसरा दाखला. प्रा. मनमोहन शर्मा आणि डॉ. रघुनाथ माशेलकर ही गुरू-शिष्य परंपरेतील दोन मोठी नावे तेथलीच. २०२५ मध्ये या संस्थेचे माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी प्रा. शर्मा यांच्याप्रती गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला १५१ कोटी रुपये जाहीर केले. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी संस्थेशी जडलेल्या नात्याला ५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपयांची देणगी दिली. आयआयटी मुंबईत माजी विद्यार्थ्यांसाठीचे पुरस्कारही वर्गवारीने दिले जातात. असामान्य कर्तृत्वासाठी एक, संस्थेच्या सेवेसाठी दुसरा आणि तरुण वयातील यशासाठी तिसरा. देणगीदार आणि कर्तृत्ववान यांची गल्लत होऊ नये, यासाठी ही विभागणी उपयुक्त ठरते.

ग्रामीण महाविद्यालयांनी या कोटींच्या आकड्यांशी बरोबरी करण्याचे कारण नाही. लोणी, संगमनेर वा कोपरगावच्या पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी १९८७ च्या सुमारास बाहेर पडले. ते आता साठीच्या उंबरठ्यावर आहेत. अनुभव, सवड आणि परतफेडीची इच्छा या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचे हेच वय. त्यामुळे येती दहा वर्षे या संस्थांच्या दृष्टीने विशेष मोलाची आहेत.

कायदा आणि मूल्यांकन

माजी विद्यार्थी हा आता केवळ भावनेचा विषय उरलेला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असणे बंधनकारक आहे. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतून या समितीवर नेमल्या जाणाऱ्या चार स्थानिक सदस्यांपैकी किमान एक जण माजी विद्यार्थी असावा लागतो. याच कायद्याने विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या मतदारसंघातून दहा प्रतिनिधी निवडून देण्याची तरतूद केली आहे. पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतरही विद्यापीठाच्या कारभारात बोलण्याचा हक्क शाबूत राहतो, ही गोष्ट बहुसंख्य पदवीधरांच्या गावीही नसते.

‘नॅक’च्या मूल्यांकनात विद्यार्थी साहाय्य व प्रगती या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान देण्यात आले. तांत्रिक अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करणारे राष्ट्रीय मानांकन मंडळ (‘एनबीए’) तर याहून पुढे जाते. पदवीनंतर काही वर्षांनी आपला विद्यार्थी काय करीत असावा, याची उद्दिष्टे प्रत्येक शाखेला लिहून द्यावी लागतात आणि ती साध्य झाली का, हे तपासावे लागते. भारत २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करार’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा कायम सदस्य झाल्यापासून या पद्धतीला अधिक महत्त्व आले. माजी विद्यार्थी कोठे आहे, हेच ज्या महाविद्यालयाला ठाऊक नाही, त्याला आपल्या शिक्षणाचे फलित सांगता येणार नाही, असा याचा साधा अर्थ आहे.

याची एक काळी बाजूही आहे. मूल्यांकन समिती यायच्या वर्षीच मेळावे भरतात, फायलींसाठी छायाचित्रे काढली जातात आणि समिती परतली, की माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर धूळ साचू लागते. गुणांसाठी केलेला गौरव फार काळ टिकत नाही. बोलावलेल्या पाहुण्यालाही ते कळल्याशिवाय राहत नाही.

संकटात कामी येणारे नाते

गेल्या दशकात अभियांत्रिकीच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिक्त राहू लागल्या. नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी न देण्याचा निर्णय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ पासून अमलात आणला आणि २०२३-२४ मध्ये तो उठवला. त्यानंतर प्रवेश मर्यादाही शिथिल झाली. परिणामी मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालयांनी संगणक शाखेच्या जागा वाढवल्या. ग्रामीण महाविद्यालयांपुढे आणि स्थापत्य, यंत्र, विद्युत यांसारख्या मूळ शाखांपुढे नवा पेच उभा राहिला. पुण्याला जाणे परवडत असेल, तर मुलाने लोणीत वा संगमनेरात का थांबावे, असा प्रश्न पालक विचारू लागले.

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीपेक्षा माजी विद्यार्थी अधिक विश्वासार्हपणे देऊ शकतो. ‘आमच्या गावातला अमुक याच महाविद्यालयात शिकला’ हे वाक्य प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेहून भारी ठरते. प्रशिक्षणार्थी म्हणून विद्यार्थ्यांना कारखान्यात घेणे, प्रकल्पासाठी खरीखुरी समस्या देणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, अभ्यास मंडळावर बसून कालबाह्य भाग दाखवून देणे, ही कामे देणगीच्या धनादेशापेक्षा कमी मोलाची नाहीत. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कात पूर्ण सवलत दिली. मुली प्रवेश घेतील. पण यंत्रशाळेत काम केलेली, साइटवर उभी राहिलेली ताई त्यांच्यासमोर येऊन बोलली, तर त्यांचा धीर निश्चितच वाढेल. गौरवाच्या यादीत महिला अभियंत्यांना स्थान असणे हे केवळ समतेच्या तत्त्वासाठी नव्हे, तर व्यवहारातही गरजेचे आहे.

यादीत कोण राहून जाते?

सन्मानितांच्या यादीत बहुधा तीन प्रकारची नावे दिसतात. परदेशी कंपनीतील वरिष्ठ अधिकारी, स्पर्धा परीक्षेतून प्रशासनात गेलेले अधिकारी आणि मोठे उद्योजक. त्यांचे यश नाकारण्याचा प्रश्नच नाही. तथापि ज्या जिल्ह्याच्या उत्तरेला कालव्यांचे पाणी आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतसारखे अवर्षणप्रवण तालुके आहेत, जेथून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात, तेथे तंत्रज्ञानातील कर्तृत्वाचा अर्थ याहून व्यापक असायला हवा.

गळीत हंगामात रात्रपाळीला बॉयलर आणि टर्बाइन सांभाळणारा कारखान्यातील अभियंता, पाझर तलावाची गळती शोधून ती बंद करणारा शाखा अभियंता, तालुक्याच्या गावी वर्कशॉप टाकून दहा-वीस पोरांना हाताला काम देणारा पदविकाधारक, ठिबकच्या संचाची दुरुस्ती बांधावर जाऊन करणारा कृषी अभियंता, वीज उपकेंद्रात पावसाळी रात्री बिघाड काढणारा तंत्रज्ञ आणि तंत्रनिकेतनात तीस वर्षे एकच विषय जीव ओतून शिकवणारा अध्यापक, यांची नावे यादीत अभावानेच आढळतात. त्यांचे पगार सांगण्याजोगे नसतात आणि त्यांच्या पदांना झगमगाट नसतो. पण परिसराचे रोजचे जीवन त्यांच्यावाचून थांबते.

या संदर्भात जिल्ह्याचाच अनुभव बोलका आहे. पाणलोट विकासासाठी ज्यांच्यामुळे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे देशभर ओळखली गेली, ते अण्णा हजारे सैन्यात वाहनचालक होते आणि पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. हजारे यांना १९९२ मध्ये पद्मभूषण आणि पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पुरंदर तालुक्यातील नायगावात ‘पाणी पंचायत’ उभारणारे विलासराव साळुंखे मात्र अभियंता होते आणि त्यांच्या कामापासून राळेगणने प्रेरणा घेतली. तंत्रज्ञान गावात रुजते, तेव्हा त्याला पदवीबरोबर माणसांना जोडण्याची हातोटी लागते. तंत्रमहाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये असे ‘साळुंखे’ शोधायला हवेत. ते सापडत नसतील, तर त्या कमतरतेचा विचारही मेळाव्यातच व्हायला हवा.

निवड कशी असावी?

गौरवाची प्रतिष्ठा निवडीच्या पद्धतीवर अवलंबून असते. निकष आधी जाहीर करणे, नामांकने मागवणे आणि निवड समितीत प्राध्यापकांबरोबर उद्योगातील एखादा बाहेरचा जाणकार व माजी विद्यार्थी संघाचा प्रतिनिधी घेणे, या तीन गोष्टी पाळल्या तरी निम्मे आक्षेप दूर होतात. संस्थाचालकांशी असलेली जवळीक, राजकीय सोय किंवा अपेक्षित देणगी यांवर निवड झाल्याची कुजबुज सुरू झाली, की सन्मानचिन्हाचे मोल उरत नाही. निवडीमागचे कारण मानपत्रात नेमक्या शब्दांत यावे. ‘आपण महाविद्यालयाचे नाव उज्ज्वल केले’ या ठरीव वाक्यापेक्षा कोणते यंत्र, कोणता पूल, कोणती प्रक्रिया, कोणती संस्था उभारली, हे लिहिलेले मानपत्र सभागृहातील विद्यार्थ्याच्या लक्षात राहते.

सोहळ्याच्या रचनेकडेही पाहायला हवे. व्यासपीठावरील मान्यवरांची भाषणे लांबतात आणि सत्कारमूर्तीच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. सन्मानित व्यक्तीने दुपारचा वेळ संबंधित शाखेच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रयोगशाळेत घालवला, आपल्या कामातील अडचणी आणि अपयशही मोकळेपणाने सांगितले, तर त्या दिवसाचे सार्थक होते. ज्यांनी त्याला घडवले, त्या निवृत्त प्राध्यापकांना, कार्यशाळेतील निदेशकांना आणि प्रयोगशाळा सहायकांनाही त्या दिवशी आवर्जून बोलवावे.

निधी आणि नियम

माजी विद्यार्थी संघ स्थापन करताना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. नोंदणी, स्वतंत्र बँक खाते, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि नियमित निवडणूक ही संघाची चार चाके होत. देणगीदारास आयकर सवलत मिळावी, यासाठी प्राप्तिकर खात्याची वेगळी मान्यता आवश्यक असते.

परदेशातून येणाऱ्या देणग्यांबाबत अनेकदा गैरसमज आढळतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली रक्कम ‘परदेशी अंशदान’ समजली जात नाही. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व स्वीकारले आहे, त्याची देणगी परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कक्षेत येते. मग तो मूळचा नगरचा का असेना. अशा देणगीसाठी संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. उत्साहाच्या भरात हा नियम विसरल्यास संस्था अडचणीत येऊ शकते.

माजी विद्यार्थ्यांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि नोकरीचा तपशील गोळा करताना त्यांची संमती घेणे, हा शिष्टाचार होताच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे त्याला कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. मेळाव्याच्या नावाखाली जमवलेली यादी जाहिरातदारांच्या वा निवडणूक प्रचाराच्या हाती जाणार नाही, याची दक्षता घेतलीच पाहिजे.

गौरवानंतर काय?

सत्काराची शाल घडी होऊन कपाटात जाते. सन्मानचिन्ह दिवाणखान्यात विसावते. महाविद्यालयाच्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक सन्मानित व्यक्तीकडून वर्षभरात विद्यार्थ्यांसाठी एक निश्चित काम मागून घ्यावे. ते व्याख्यान असो, दोन प्रशिक्षणार्थींची सोय असो, ग्रंथालयासाठी पुस्तके असोत किंवा पाथर्डीच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबातील मुलीची वसतिगृहाची फी असो. असे काम मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. घराने आपल्या कर्त्या मुलाकडे काही मागावे, यात वावगे काही नसते.

आणि महाविद्यालयानेही त्याचे काही देणे लागते. विद्यार्थी शिकत असताना त्याला जशी वागणूक मिळाली, तशीच त्याची आठवण पुढे राहते. जेथे प्रयोगशाळा खऱ्या अर्थाने चालल्या, शिक्षकांनी नावाने ओळखले, फीअभावी कोणाचा निकाल अडवला गेला नाही, तेथे माजी विद्यार्थी निमंत्रणाची वाट पाहत नाहीत. जेथे केवळ शुल्काची पावती हेच नाते होते, तेथे कितीही मोठी कमान उभारली, तरी तिच्याखालून जाणारे फारसे कोणी येत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाची तयारी त्यांच्या प्रवेशाच्या दिवसापासूनच सुरू झालेली असते, हे संस्थाचालकांनी ध्यानात घेतले, तर असे सोहळे अधिक अर्थपूर्ण होतील आणि ज्या ऊस उत्पादकाच्या पैशातून ही विद्यालये उभी राहिली, त्याचेही ऋण काही अंशी फिटेल.

चौकट : काही महत्त्वाचे टप्पे

१८५४ : पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ; पुढे ‘सीओईपी’ म्हणून ख्याती.
१९२६ : भंडारदऱ्याचे विल्सन धरण पूर्ण.
१९५०-५१ : प्रवरानगर सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम.
१९६८ : राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना.
१९८३ : विनाअनुदानित धोरण, लोणी, कोपरगाव व संगमनेर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू.
२०१४ : भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा कायम सदस्य, पुणे विद्यापीठाचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामकरण.
२०१६ : नव्या विद्यापीठ अधिनियमानुसार महाविद्यालय विकास समितीवर माजी विद्यार्थ्याला स्थान.
२०२२ : ‘सीओईपी’ला तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा.
२०२४ : अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर.